समुद्रापलीकडची तालवाद्ये

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून दुर्ग जिल्ह्याच्या सपाट भातशेतीच्या मुलखात हा कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीभोवती जे नगर वसले, त्यात भारताच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. महाराष्ट्रीयही आले आणि त्यांच्यामागून त्यांचा गणेशोत्सवही आला. म्हणून या नगरात दोन अगदी निराळ्या जातींचे तालवादन कानी पडते. भोवतालच्या खेड्यांत लग्नसराईत गुदुम बाजा वाजतो, सतनामी समाजाच्या पंथी नृत्यात मांदर घुमतो. आणि उत्सवाच्या रंगमंचावर वाद्यवृंद बसला म्हणजे त्यात गिटारच्या शेजारी दोन जोडलेल्या लहान ढोलक्या आणि दोन उंच, पिंपासारखी वाद्ये मांडलेली दिसतात. या लहान जोडीला आपल्याकडे बोंगो म्हणतात, उंच वाद्यांना काँगो.

गिटारशेजारी बसतात म्हणून ही वाद्ये पाश्चात्त्य, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो खरा नाही. ती युरोपची नव्हेत. ती आफ्रिकेच्या स्मृतीतून क्यूबा बेटावर घडलेली आहेत. तेथून ती अमेरिकेतील नृत्यगृहांत, ध्वनिमुद्रिकांत आणि चित्रपटांत गेली आणि त्या वाटेने मुंबईस पोहोचली. १९५० च्या सुमारास हिंदी चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड या पारशी वादकाने ती रुजवली. पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र यांनी संगीत दिलेला आणि भगवानदादांचा ‘अलबेला’ १९५१ साली गाजला, तेव्हा कोट्यवधी भारतीयांनी बोंगोचा नाद ऐकला. मात्र तो कोठला हे फारच थोड्यांना ठाऊक होते. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वादकांत अमृतराव काटकर यांनी ‘रेसो रेसो’ म्हणून जे खरखरणारे वाद्य लोकप्रिय केले, तेही मूळचे ब्राझीलचे रेको-रेकोच होय.

या वाद्यांचा इतिहास सुखाचा नाही. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना बळजबरीने जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेण्यात आले. त्यांतील जवळजवळ ५० लाख माणसे एकट्या ब्राझीलमध्ये उतरवली गेली. क्यूबात उसाच्या मळ्यांसाठी लाखो आणली गेली. क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली, ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये. जहाजात चढताना या माणसांजवळ काहीच नव्हते. गाव सुटले, नावे सुटली, भाषाही पुढे विरत गेली. परंतु हाताला ठाऊक असलेला ताल हिरावून घेता येत नाही. नव्या भूमीत जे लाकूड, जे कातडे आणि जी टाकाऊ वस्तू मिळाली, तिच्यावर त्यांनी तो पुन्हा उभा केला. लाकडी खोके मिळाले, तेव्हा तेच वाद्य झाले. क्यूबाच्या बंदरांतील मजुरांनी मालाच्या रिकाम्या खोक्यांवर रुंबा नृत्याची साथ केली, आणि ते खोके ‘काहोन’ या नावाने आजही मानाने वाजवले जाते.

क्यूबाच्या संगीताची किल्ली पाहावयाची तर मोठ्या ढोलापाशी जाण्याचे कारण नाही. ती वीतभर लांबीच्या दोन लाकडी दांड्यांत आहे. त्यांना क्लावे म्हणतात, आणि त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थही किल्ली असाच आहे. एक दांडी डाव्या हाताच्या बोटांवर व अंगठ्यावर अलगद ठेवायची, खाली तळहाताची पोकळी राहू द्यायची, आणि दुसऱ्या दांडीने तिच्यावर आघात करायचा. घट्ट धरली तर नाद मरतो. पोकळी राहिली तर तो साऱ्या वाद्यमेळावर तरंगत जातो. वाजवायचे असते ते एवढेच: पाच आघातांचे एक आवर्तन, अखेरपर्यंत न बदलता.

आपल्याकडील श्रोत्यास हे आवर्तन त्रितालाच्या साहाय्याने सहज समजेल. सोळा मात्रा मोजाव्या आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी. पूर्वार्धात तीन आघात, उत्तरार्धात दोन. त्रितालात टाळ्या पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर आणि खाली नवव्या मात्रेवर असते. विभाग समान असतात. क्लावेचे विभाग मुद्दामच विषम आहेत. पूर्वार्ध पुढे झुकतो, उत्तरार्ध त्याला सावरतो, आणि या ओढाताणीतून पावलांना गती मिळते. ‘सोन’ नावाच्या गीतप्रकारात हा क्रम असाच असतो. रुंबात तिसरा आघात सातव्या मात्रेऐवजी आठव्यावर जातो. एका मात्रेचा हा फरक. पण तेवढ्याने साऱ्या संगीताची चाल बदलते. गायक, वादक, नर्तक सर्वांनी क्लावे मनात धरून चालावे लागते, मग ती प्रत्यक्ष वाजत असो वा नसो.

आता काँगो. क्यूबात त्याला तुंबादोरा असेही म्हणतात. कमरेपर्यंत उंच, मध्ये किंचित फुगीर, वर एकच कातडे आणि खाली मोकळे तोंड, अशी त्याची घडण असते. काँगो नदीच्या खोऱ्यातून आलेल्या लोकांच्या ढोलांशी त्याचे नाते आहे. पूर्वी कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे आणि सूर चढवायचा तर विस्तवावर शेकावे लागे. लोखंडी आकड्यांनी व चाक्यांनी ताण देण्याची सोय पुढे विसाव्या शतकात आली. दोन्ही हातांनी, काठीवाचून, हे वाद्य वाजते. त्याची अक्षरे थोडी, पण स्पष्ट आहेत. कडेजवळ बोटांनी आघात करून हात लगेच उचलला, तर खुला, गोल नाद निघतो. मध्यभागी पूर्ण तळहात पडला तर खोल खर्ज मिळतो. बोटे किंचित वाकवून कडेवर झटका दिला म्हणजे टाळीसारखा कडाडणारा बोल उमटतो. आघात करून हात तेथेच दाबून ठेवला, तर नाद मिटतो. आणि डावा हात कातड्यावर झुलता ठेवून आधी तळव्याचा मागचा भाग, मग बोटे, असा आळीपाळीने टेकवला, तर अगदी हलकी कुजबुज चालू राहते.

या अक्षरांतून जो नित्याचा ठेका होतो, त्याला तुंबाव म्हणतात. त्यात आठ आघात असतात. पहिला डाव्या तळव्याचा, दुसरा डाव्या बोटांचा, तिसरा उजव्या हाताचा कडाडता, चौथा पुन्हा डाव्या बोटांचा; पाचवा तळव्याचा, सहावा बोटांचा, आणि सातवा व आठवा उजव्या हाताचे खुले. बाहेर ऐकू येतात ते मुख्यतः तीनच: एक झटका आणि शेवटचे दोन खुले नाद. बाकीचे पाच जणू वादकाच्या स्वतःसाठी असतात. ते मध्यंतर भरून काढतात आणि लय ढळू देत नाहीत. तबलजीच्या ठेक्यातही असे अर्धवट ऐकू येणारे भरणाचे बोल असतात. ज्याने ते कान देऊन ऐकले आहेत, त्याला तुंबाव परका वाटणार नाही.

रुंबात असे तीन ढोल असतात. खालचे दोन आपापला ठरलेला बोल सोडत नाहीत. सर्वांत उंच सुराचा ‘किंतो’ मात्र नर्तकाच्या पावलांशी सवालजवाब करतो. बोंगोची जोडीही अशीच बोलकी आहे. पूर्व क्यूबाच्या डोंगराळ मुलखातून ती सोनबरोबर हवानास आली. लहान ढोलकीला ‘माचो’ म्हणजे नर, आणि मोठीला ‘एंब्रा’ म्हणजे मादी अशी नावे आहेत. गुडघ्यांत धरून मुख्यतः बोटांच्या अग्रांनी ती वाजवतात. तिच्या नेहमीच्या ठेक्याचे नाव ‘मार्तियो’, म्हणजे हातोडा. लोहाराचा हातोडा जसा ऐरणीवर एकसारखा पडत राहतो, तसे तिचे आठ आघात पडत राहतात. पोलादाच्या गावात या नावाचा अर्थ कोणास सांगावा लागणार नाही.

या लोकरंजनाच्या वाद्यांहून वेगळे, देवघरातले म्हणावे असे एक कूळ आहे. ते बाता ढोलांचे. योरुबा लोकांच्या देवतांची आळवणी त्यांवर होते. घडण डमरूसारखी कमरेत बारीक, परंतु दोन तोंडे लहानमोठी. मांडीवर आडवा ठेवून दोन्ही हातांनी वाजवायचा, पखवाजासारखा. ढोल तीन असतात: इया, इतोतेले आणि ओकोंकोलो. इया म्हणजे आई. ती सर्वांत मोठी, आणि बोलणे तिच्याकडे असते. लहानगा ओकोंकोलो एकच बोल धरून राहतो, मधला आईला उत्तर देतो. इयाच्या मोठ्या तोंडावर नाद जड व्हावा म्हणून लेप लावतात. मृदंगाच्या पुडीवर कणीक आणि तबल्यावर शाई चढवणाऱ्या देशाला यातील शास्त्र समजावून द्यावे लागत नाही. दीक्षित ढोल विधीवाचून वाजत नाहीत. कित्येक पिढ्या ते दाराआड वाजले. विद्वान फेर्नांदो ओर्तिस यांच्या प्रयत्नाने १९३० नंतरच्या दशकात बाता ढोल हवानाच्या सभागृहात प्रथमच सर्वांसमोर आले.

ब्राझीलची प्रकृती याहून निराळी आहे. क्यूबात दोन-चार वादक एकमेकांशी बोलतात. ब्राझीलच्या सांबात शेकडो वादक एका शिस्तीत रस्त्याने चालतात. रिओ शहरात १९२८ साली ‘देइशा फालार’ नावाची पहिली सांबाशाळा निघाली. शाळा म्हणजे पाठशाला नव्हे; गरीब वस्तीतील लोकांचे नाचगाण्याचे मंडळ. भर मिरवणुकीत नाद सर्वांना ऐकू जावा म्हणून मोठ्या ढोलाची गरज पडली. तो ‘सुर्दो’. त्या शाळेतील बिदे या वादकाने लोण्याच्या मोठ्या डब्यावर कातडे चढवून तो प्रथम केला, असे सांगतात.

सुर्दो खांद्यावरून पट्ट्याने लटकतो. एका हातात मऊ तोंडाचा टोला, दुसरा हात उघडा. टोल्याने नाद काढायचा आणि उघड्या हाताने तो वेळेवर थांबवायचा. या थांबवण्यातच कौशल्य आहे, कारण नाद किती लांबला यावर पाऊल ठरते. सांबाचा ताल दोन मात्रांचा. दुसऱ्या सुराचा सुर्दो पहिल्या मात्रेवर वाजतो, परंतु सर्वांत खोल आवाजाचा सुर्दो दुसऱ्या मात्रेवर. समेवर वजन टाकण्याची सवय असलेल्या कानाला हे प्रथम उलटे वाटते. पण सांबाचा झोका या उलटेपणातच आहे. तिसरा सुर्दो या दोघांच्या मधून आडवी वाट काढतो. त्यांच्यावर काइशा नावाच्या ताशावजा ढोलाची अखंड सरसर असते. रेपिनिकि हा उंच आवाजाचा ढोल इशारे देऊन सर्वांना बोलावतो आणि थांबवतो. दिमडीएवढा, झांजा नसलेला तांबोरिम एका हातात धरून पातळ छडीने वाजवतात. मागून बोट लावून त्याचा नाद मिटवता येतो. आगोगो म्हणजे लोखंडाच्या दोन शंकूंची घंटा.

पांदेइरो ही खंजिरीची बहीण म्हणावी. परंतु तिच्यावर एकच हात चार कामे करतो: अंगठा, बोटांची अग्रे, तळव्याचा मागचा भाग आणि पुन्हा अग्रे. खंजिरी धरणारा हातही स्वस्थ नसतो. तो तिला किंचित फिरवतो आणि खालून बोटाने नाद दाबतो. सर्वांत नवल मात्र कुईकाचे. तिच्या कातड्याला आतून मध्यभागी एक बारीक काडी बांधलेली असते. ओल्या फडक्याने ती काडी घासायची आणि दुसऱ्या हाताने बाहेरून कातडे दाबायचे. मग वाद्य हसते, हुंदके देते, हाका मारते. कातडे बडवावेच लागते असे नाही, हे महाराष्ट्रातील नंदीबैलवाल्यालाही ठाऊक आहे. त्याच्या ढोलाचा गुबुगुबु आवाज वाकलेली काठी कातड्यावर घासूनच निघतो.

कापोएइरा या झुंजीच्या खेळाला साथ करते ते बेरिंबाऊ. वाकवलेल्या लवचिक काठीला तार, तारेच्या खालच्या अंगाला पोकळ भोपळा. छडीने तार छेडायची, नाण्याने किंवा गुळगुळीत दगडाने ती दाबून सूर बदलायचा आणि भोपळा पोटाशी लावून किंवा दूर धरून नाद मिटवायचा वा उघडायचा. छत्तीसगडच्या दक्षिणेला, बस्तरात, असाच धनुष्याचा एक वेगळा उपयोग दिसतो. तेथील धनकुल या वाद्यात मडक्यावर सूप ठेवतात, सुपावर धनुष्य टेकवतात आणि धनुष्याच्या काठीवर पाडलेल्या खाचा बांबूच्या कांबीने घासतात. हलबी भाषेतील जगारगीते त्याच्या साथीने गायली जातात. या साम्यावरून बस्तर आणि ब्राझील यांचे काही प्राचीन नाते जोडण्याचे कारण नाही. माणसाजवळ धनुष्य होते, भोपळा आणि मडके होते, आणि रिकाम्या पोकळीत नाद मोठा होतो हे त्याने दोन्हीकडे स्वतंत्रपणे ओळखले.

नात्याहून महत्त्वाचे आहे ते रचनेचे साम्य. आपली अभिजात परंपरा एका वादकाच्या दोन हातांत सारा ताल सोपवते. क्यूबा व ब्राझील तो अनेकांत वाटून देतात. प्रत्येकाकडे लहानसा तुकडा असतो. एकट्याने वाजवला तर तो अगदी साधा वाटतो. सारे तुकडे एकमेकांत बसले म्हणजे जे ऐकू येते, ते त्यांतील कोणाही एकाचे नसते. ही रीत समजून घेण्यास भिलाईहून दूर जावे लागत नाही. गुदुम बाजात लोखंडी कढईवजा अंगावर जाड कातडे चढवलेला गुदुम कमरेस बांधून रबरी टोल्यांनी वाजवतात; तो खोल वजन देतो. हलगीच्या जातीचा दफडा एक जाड व एक बारीक काडी घेऊन त्यावर बोल भरतो; इवलीशी टिमकी दोन बारीक काड्यांनी अखंड तडतडते; आणि या तिघांवर मोहरीचे सूर फिरतात. सुर्दो, रेपिनिकि आणि तांबोरिम यांच्यात जी कामाची वाटणी आहे, तिच्या अगदी जवळची ही वाटणी आहे. मुंबईने मात्र बोंगो आणि काँगो घेतले ते सुटे. रुंबाचे तीन ढोल आणि क्लावेचा धागा मागे राहिला. एका वादकाच्या हाती ती वाद्ये गाण्याला खमंग फोडणी द्यावी तशी आली. त्यातून गोड गाणी झाली यात शंका नाही, परंतु मूळ मेळाचा अर्थ त्यातून कळत नाही.

आणखी एक साम्य आहे, आणि ते सुखावणारे नाही. ज्या हातांनी हे ताल राखले, त्या हातांना समाजाने मान दिला नाही. ब्राझीलच्या १८९० च्या दंडसंहितेने कापोएइराला गुन्हा ठरवले. विसाव्या शतकाच्या आरंभी पांदेइरो हाती दिसला तरी पोलिस वादकाला धरीत. झुआंव दा बाइयाना या वादकाचा पांदेइरो पोलिसांनी हिसकावला, तेव्हा सिनेटर पिन्येइरो माशादो यांनी स्वतःचे नाव कोरलेला नवा पांदेइरो त्याला दिला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाच्या नावाची ढाल असल्यावाचून गरिबाने वाद्य घेऊन रस्त्यात हिंडू नये, असा तो काळ होता. पुढे चित्र पालटले. युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत कापोएइराची २०१४ मध्ये आणि क्यूबाच्या रुंबाची २०१६ मध्ये नोंद केली. जे एकेकाळी गुन्ह्याचे साधन होते, ते राष्ट्राचे भूषण झाले.

आपल्याकडे कायद्याने ढोलावर अशी बंदी घालावी लागली नाही. रूढीनेच ते काम केले. चामड्याला हात लावणारा तो अस्पृश्य, म्हणून लग्न त्याच्या वाद्याने लागे आणि पंगत त्याच्यावाचून बसे. छत्तीसगडात गुदुम बाजा आणि महाराष्ट्रात हलगी वाजवणाऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसले. आज त्यांच्यापुढे निराळे संकट आहे. वरातीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि पाच वादकांच्या मेळाला बोलावणे येत नाही. मुलगा बापाचे वाद्य घेत नाही, कारण त्या वाद्याबरोबर अपमान मिळतो आणि मजुरी मात्र मिळत नाही. त्याला दोष देता येत नाही.

तरीही आशेला आधार आहे, आणि तो याच परिसरात आहे. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाईंनी तंबूरा आणि करताल हाती घेऊन पंडवानी जगभर नेली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. देवदास बंजारे यांनी पंथीचा मांदर परदेशांतील रंगमंचांवर घुमवला. भिलाईचेच रिखी क्षत्रिय यांनी छत्तीसगडची लोकवाद्ये परिश्रमाने गोळा केली आहेत. असा संग्रह फार मोलाचा, कारण वाद्याचे अंग त्यात टिकते. वाद्याचा प्राण मात्र बोलात असतो, आणि बोल हातातून हातातच जातो. तुंबावचे पाच न ऐकू येणारे आघात कोणत्याही पेटीत ठेवता येत नाहीत; गुदुम आणि टिमकी यांच्यामधील अंतरही ठेवता येत नाही. क्यूबा व ब्राझील येथे ते टिकले, कारण वाजवणारा हात आपल्या मुलाला शिकवीत राहिला, आणि समाजाने उशिरा का होईना त्या हाताला सन्मानाने जवळ केले. दूरदेशीच्या काँगोवर खूश होऊन टाळी देणाऱ्या श्रोत्याने दारच्या दफड्यापुढेही तितकाच वेळ उभे राहावे, वादकाचे नाव विचारावे आणि त्याला पंगतीत बसवावे. असे घडले तर त्या वादकाचा मुलगा काड्या हाती घेण्यास कचरणार नाही.